लॉरेल घळीतून आलेलं उत्तर

चाचणीचं काम तसं कंटाळवाणं. गाडी ठरलेल्या ठिकाणी उभी करायची, रेडिओचं बटण दाबून नियंत्रण कक्षाला हाक मारायची, उत्तर आलं की नकाशावरचा तेवढा चौकोन हिरवा करायचा, नाही आलं तर लाल. मग पुढचा चौकोन. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात नोरीन टॅकेट आणि आर्डन प्रॅटर दिवस दिवस हेच करत होते. आर्डन यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा माणूस, शहरातून आलेला, हसतमुख, सतत काहीतरी चघळणारा. नोरीन मात्र इथलीच. ब्रॅनम काउंटीच्या नियंत्रण कक्षात कानाला हेडफोन लावून तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. रस्ता तिनं दाखवायचा, हाक आर्डननं मारायची, अशी वाटणी होती.

पूर्व केंटकीच्या त्या डोंगराळ मुलखात ब्रॅनम, लॉटन आणि कॅल्डर अशा तीन काउंट्या, म्हणजे तिकडचे छोटे जिल्हे, एकमेकींना खेटून आहेत. डोंगर तेच, ओढे तेच, एकमेकांत सोयरिकी झालेल्या. फक्त बंबवाले, शेरीफची म्हणजे पोलिसांची माणसं आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाले यांचे रेडिओ तेवढे तीन तऱ्हेचे. ब्रॅनमच्या बंबावरचा माणूस घसा फाटेस्तोवर ओरडला तरी लॉटनच्या होडीतल्या माणसाला काही ऐकू जायचं नाही. मध्ये नोरीननं फोन उचलायचा, पलीकडच्या काउंटीच्या टेबलावरच्या बाईला सांगायचं, आणि तिनं आपल्या माणसांना. एवढ्यात जे व्हायचं ते होऊन जायचं.

नोरीनचा धाकटा भाऊ वर्लिन स्लोन असाच गेला. तो गावच्या बंबाचा कप्तान होता. बिनपगारी, हौशी, जसे तिकडे सगळेच असतात. पुराच्या दिवशी लॉरेल घळीतली माणसं काढायला गेला आणि फरशीच्या पुलावर बंब अडकला. दोन्ही बाजूंनी पाणी चढत गेलं. लॉटनच्या शेरीफची होडी त्याच ओढ्यात होती, एका वळणापलीकडे, एवढी जवळ की वर्लिनला तिच्या इंजिनाचा आवाज येत होता. तो नोरीनला सांगत होता, ताई, मला ऐकू येतेय ती, त्यांना सांग वळण घ्या. नोरीन फोनवर सांगत होती. फोनवरची बाई पुढे सांगत होती. होडीवाल्यांनी भलतंच वळण घेतलं. वर्लिन शेवटपर्यंत ओरडला नाही. पुलाचं नाव तेवढं पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

त्यानंतर नोरीन गप्प बसली नाही. तिन्ही काउंट्यांची मिळून एकच बिनतारी यंत्रणा हवी म्हणून ती प्रत्येक बैठकीला जाऊन उभी राहिली. लोक आधी हळहळले, मग कंटाळले, मग ती दिसली की घड्याळ बघू लागले. लॉटनचा शेरीफ म्हणाला, आमच्या गोष्टी कॅल्डरच्या लोकांनी का ऐकायच्या? कॅल्डरवाले म्हणाले, टॉवर आमच्याकडे होणार असेल तर बघू. वर्षं गेली. शेवटी सरकारी मदत आली, तशी सगळ्यांनाच ही कल्पना आपली वाटायला लागली. तिन्ही काउंट्यांची समिती झाली आणि ब्रॅनमचे कारभारप्रमुख, ज्यांना तिकडे जज्ज म्हणतात ते वेन्डल स्टॅम्पर, तिचे अध्यक्ष झाले. नोरीनला मागच्या रांगेत खुर्ची मिळाली.

लॉरेल घळीवरच्या पाइन कड्यावर एक टॉवर पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं. टॉवर उभा राहिला तो तळ्याकाठी, सुट्टीत येणाऱ्यांच्या नव्या बंगल्यांच्या डोक्यावर. तिनं समितीत विषय काढला तेव्हा स्टॅम्पर समजूतदारपणे म्हणाले होते की चाचणीत घळ लाल दिसली तर दुसरा टॉवर देऊ, माझा शब्द. म्हणून तर नोरीन त्या आठवडाभर आर्डनबरोबर फिरत होती. घळ लाल निघणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते आपल्या डोळ्यांदेखत नकाशावर उमटावं, एवढीच तिची इच्छा होती.

दुपारी ते घळीत उतरले. वर कड्यावर ऊन होतं, पण लॉरेल घळीत नोव्हेंबरचं ऊन पोचतच नाही. दोन्ही बाजूंना हेमलॉकची उंच झाडं, त्यांच्या पायाशी लॉरेलची काळपट झुडपं, आणि मधून रस्ता आणि ओढा जणू एकाच अंथरुणात निजलेले. कुजलेल्या पानांचा आणि गार चिखलाचा वास गाडीच्या काचा बंद असूनही आत येत होता. आर्डनचं चघळणं थांबलं होतं. त्यानं रेडिओच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. टॉवरच्या सगळ्या रेघा गेल्या होत्या.

"तुझी घळ मेलेली आहे, नोरीन," तो म्हणाला. "अभिनंदन म्हणू की काय म्हणू?"

पुराला एवढी वर्षं झाली तरी नोरीन या पुलावर उतरत नसे. त्या दिवशी उतरली. फरशी नवी होती, कठडे नवे होते. पाणी घोट्याएवढंही नव्हतं, आणि आवाज तर अजिबात करत नव्हतं.

आर्डननं रीतसर बटण दाबलं. "केंद्र, चाचणी गाडी बोलतेय. लॉरेल घळ, फरशी पूल. ऐकू येतंय का?"

खरखर झाली. मग खरखर थांबली.

"ऐकू येतंय. बोला."

पुरुषाचा आवाज होता. स्वच्छ, जवळचा, जणू बोलणारा झुडपांच्या पलीकडेच उभा आहे. आर्डननं भुवया उंचावून पडद्याकडे पाहिलं. रेघा नव्हत्याच. या नव्या रेडिओंवर जो बोलेल त्याचा नंबर पडद्यावर उमटतो. तिथंही काही नव्हतं. त्यानं डोकं खाजवलं, दोन पावलं पुढे गेला, पुन्हा हाक मारली.

"ऐकू येतंय. बोला."

"काय यंत्र आहे," आर्डन कौतुकानं म्हणाला. "कड्यावर आपटून येत असणार. असं होतं कधी कधी."

नोरीनला संताप आला. एवढी वर्षं झिजवलेल्या चपला, आणि ही घळ आज बोलायला लागली! दुपारच्या पाळीला टेबलावर कुठल्या मेल्यानं बसून आपला घात केला, असाच विचार तिच्या मनात आधी आला. आवाज ओळखीचा वाटतोय हे तिला नंतर जाणवलं.

आर्डन आभार मानून रेडिओ ठेवणार, तेवढ्यात तो आवाज न विचारताच पुन्हा बोलला. हळू, समजुतीनं.

"होडी निघालीय... जागा सोडू नका."

आर्डन हसला. "होडी? पाणी कुठंय?"

नोरीननं त्याच्या हातातला रेडिओ काढून घेतला, बंद केला आणि त्याला गाडीकडे ढकलत नेलं. आवाज वर्लिनचा होता. शब्द मात्र त्याचे नव्हते. ते तिचे होते. पुराच्या दिवशी वर्लिननं विचारलं होतं, बंब सोडून डोंगर चढू का, अजून वाट आहे. आणि लॉटनच्या बाईचा फोन कानाशी धरून नोरीननं हेच उत्तर दिलं होतं. बहिणीचं ऐकून तो थांबला होता.

कक्षात परत आल्यावर कळलं की त्या दुपारी टेबलावर ओना एकटीच होती. ओना नोरीनची जुनी सोबतीण, दोघींनी मिळून कित्येक पाळ्या ओढलेल्या. दुसरं कोणी, पुरुष तर कोणीच, इकडे फिरकलं नव्हतं. लॉरेल घळीतून एकही हाक आली नाही, असं ओना म्हणाली. उलट मीच घाबरून तुम्हाला हाका मारत होते, म्हणाली. कक्षातलं सगळं बोलणं आपोआप टिपलं जातं, ते तिनं लावून दाखवलं. तिच्या हाका होत्या आणि मध्ये नुसती शांतता होती.

नोरीननं ओनाला सगळं सांगितलं. ओनानं तिच्यासमोर कॉफी ठेवली आणि उठून दार लावून घेतलं. मग एवढंच म्हणाली की हे स्टॅम्परला सांगू नकोस.

सांगण्यासारखं नव्हतंच. समितीच्या बैठकीत नकाशा भिंतीवर लावला होता आणि लॉरेल घळ हिरवीगार होती. नोरीननं पुन्हा चाचणी घ्या म्हणून विनवलं. ओनाला काही ऐकू आलं नाही, कक्षात काही टिपलं गेलं नाही, हेही सांगितलं. आर्डन कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, मी जे ऐकलं ते ऐकलं, पण पुन्हा त्या घळीत जायला दुसरा माणूस बघा.

स्टॅम्पर नोरीनकडे वळले. "तू तिथं होतीस ना?"

"होते."

"उत्तर आलं की नाही आलं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

"आलं," नोरीन म्हणाली.

"कोणाचं?"

तिच्या ओठांवर नाव आलं होतं. पण या माणसांसमोर ते उच्चारलं तर उद्यापासून आपल्याला टेबलावरही बसू देणार नाहीत, हे तिला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. ती खाली बसली. स्टॅम्परनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले की नोरीनचं दुःख आम्ही समजतो, पण दुःखासाठी टॉवर बांधता येत नाही. लॉटनच्या शेरीफनं मान डोलावली. यंत्रणेचं उद्घाटन झालं तेव्हा फीत त्यानंच कापली.

तसं बघितलं तर यंत्रणा उत्तम चालली. त्या हिवाळ्यात महामार्गावर गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा तिन्ही काउंट्यांची माणसं एकाच चॅनेलवर बोलली आणि कितीतरी जीव वाचले. लोक नोरीनला दुकानात थांबवून आभार मानायचे. ती हसायची आणि घरी जाऊन वर्लिनचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायची.

मार्चमध्ये पाणी आलं. वर्लिनच्या वेळेइतकं मोठं नव्हतं. सकाळी पाऊस लागला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ओढे लाल झाले. लॉरेल घळीच्या टोकाला राहणाऱ्या फ्यूगेट म्हातारीला धाप लागली म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स गेली. गाडीवर कोल्बी आणि त्याच्याबरोबर टेसी, दोघंही पोरसवदा, टेसीचं तर अजून लग्न ठरत होतं. नोरीन टेबलावर होती. घळीत उतरतोय, एवढं टेसी बोलली, आणि तिचा नंबर पडद्यावरून गेला.

नोरीननं हाका मारायला सुरुवात केली. गाडी सोडा, डोंगर चढा. पुलावर थांबू नका. तिला ठाऊक होतं की हे त्यांना ऐकू जाणार नाही, तरी ती थांबली नाही. दुसऱ्या चॅनेलवर तिनं लॉटनची होडी मागवली. कोणाला फोन करावा लागला नाही. एका वाक्यात होडीवाल्याला पूल समजला, वळण समजलं, तो निघालाही. एवढ्यासाठीच तर तिनं वर्षं घातली होती. होडी पोचली तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स पुलाच्या कडेला कलंडली होती. कोल्बी टपावर होता. टेसीचा देह संध्याकाळी खाली दोन शेतांपलीकडे सापडला. दुसऱ्या दिवशी लोक पोचले तेव्हा म्हातारी आपल्या घरात सुखरूप होती. पाणी तिच्या पायरीलाही लागलं नव्हतं.

नोरीन दवाखान्यात गेली. कोल्बी छताकडे बघत पडला होता.

"मिस नोरीन," तो म्हणाला, "टेबलावर कोण होतं?"

"मीच होते, बाळा."

"नाही... तुम्ही नव्हता." त्यानं ओठ ओले केले. "एक माणूस होता. पाणी चाकापर्यंत होतं तेव्हाच टेसी म्हणाली, चल, चढू या. वाट होती. रेडिओवर विचारलं तर तो म्हणाला जागा सोडू नका, होडी निघालीय. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. इतकं चांगलं बोलत होता हो... टेसी रडायला लागली तर तिला नावानं हाक मारून धीर देत होता. आम्हाला वाटलं, वरच्यांना जास्त कळत असेल."

नोरीननं त्याचा हात धरला. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण त्यानं डोळे मिटले आणि तोंड फिरवलं.

मग मात्र टॉवरला वेळ लागला नाही. टेसी बाविशीतली होती, वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता, आणि निवडणूक तोंडावर होती. उन्हाळ्यात पाइन कड्यावर काम सुरू झालं. नोरीन आता काहीच मागत नव्हती. उलट तो लोखंडी सांगाडा वर वर चढताना पाहून तिला झोप येईनाशी झाली. ओना तिची समजूत घालायची. म्हणायची, त्या घळीत आपला आवाज पोचत नाही म्हणून त्याचा पोचतो. टॉवर झाला की माणसांना आपण ऐकू जाऊ, तो आपोआप दबून जाईल. नोरीनला ते पटलं. किंवा दुसरं पटवून घेण्यासारखं काही नव्हतं.

टॉवर सुरू झाला त्या दिवशी ती स्वतः रेडिओ घेऊन पुलावर उभी राहिली. पडद्यावर सगळ्या रेघा होत्या. ओनाचा आवाज आला, तिचा नंबर उमटला, बाकी काही नाही. नोरीननं मुद्दाम वाट पाहिली. ओढा बारीक होता, पण आता आवाज करत वाहत होता, कुठल्याही ओढ्यासारखा. वर कड्यावर जज्ज स्टॅम्परचं भाषण चाललं होतं. टेसीची आई लोकांच्या मागे एकटी उभी होती आणि तिला कोणी पुढे बोलावलं नव्हतं. नोरीन वर चढून गेली आणि तिच्याशेजारी उभी राहिली.

ऑक्टोबरमध्ये रानं पेटली. पाऊस उन्हाळाभर नव्हताच. पानं पायाखाली चुरचुरत होती. कॅल्डरच्या पार टोकाला, लॉरेल घळीपासून कितीतरी डोंगर पलीकडे, जुन्या खाणीवरच्या उतारावर कॅप्टन इरा मॅगार्डची टोळी आग अडवायला चर खणत होती. इरा म्हणजे तिन्ही काउंट्यांतला सगळ्यात मुरलेला बंबवाला, आगीसमोरही टोमणे मारणारा. दुपारी हवामान खात्याचा निरोप आला की वारा फिरणार आहे. नोरीननं लगेच बटण दाबलं. पडद्यावर इराचा नंबर होता, रेघा भरलेल्या, आवाज स्वच्छ.

"इरा, वारा फिरतोय. माणसं घेऊन खालच्या रस्त्यानं बाहेर पड. आत्ता."

"एक काय ते ठरवा," इरा म्हणाला. मागे लाकडं तडतडत होती. "आत्ताच तर थांबा म्हणालात."

नोरीनचा हात बटणावरच राहिला. "कोण म्हणालं?"

"तुमच्या टेबलावरचा माणूस. नवा घेतलाय का? बोलायला गोड आहे, पण डोक्यानं कमी दिसतो." तो खोकला, मग हसला. "होडी पाठवतोय म्हणे. इथं थुंकायला पाणी नाही आणि हा बाबा होडी पाठवतोय."

शेजारच्या खुर्चीत ओना उठून उभी राहिली होती. खोलीत त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. पडद्यावर इराशिवाय कोणाचा नंबर नव्हता.

"इरा, नीट ऐक," नोरीन म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुरून आल्यासारखा वाटला. "इथं कोणी माणूस नाही. मी आहे आणि ओना आहे. तो काय सांगेल ते ऐकू नकोस. रेडिओ बंद कर आणि बाहेर पड... इरा?"

खरखर झाली. मग खरखर थांबली.

ती हाका मारत राहिली. ओनानं दुसरा मायक्रोफोन ओढला आणि तीही हाका मारू लागली. कॅल्डरच्या दुसऱ्या गाड्या मध्येच बोलल्या, सगळ्यांना नोरीन स्वच्छ ऐकू येत होती. खिडकीबाहेर झेंड्याचं कापड इतका वेळ एका बाजूला लोंबत होतं. ते हळूच हललं आणि दुसरीकडे ताणलं गेलं.

इराचा नंबर पुन्हा उमटला. मागचं तडतडणं आता फार मोठं झालं होतं. इराच्या आवाजातला टोमणा मात्र गेला होता. नीट समजूत पटल्यासारखा तो शांतपणे बोलला.

"ठीक आहे, नोरीन. आता तूही तेच म्हणतेस तर तसंच. आम्ही जागा सोडत नाही... होडी दिसली की सांगतो."